पर्लमध्ये क्लासला क्लास जोडायचा तर ‘पॅरेंट’च वापरा

एक क्लास दुसऱ्या क्लासवरून काढायचा, म्हणजे वरच्या ‘पॅरेंट’ क्लासमधली फंक्शन्स नव्या क्लासला वारशाने मिळवून द्यायची, एवढ्या कामासाठी पर्ल या प्रोग्रामिंग भाषेत चार-पाच वाटा आहेत. मी जुना पर्ल कोड सांभाळते आणि त्यात या सगळ्या वाटा शेजारीशेजारी भेटतात. एका फाइलमध्ये हाताने भरलेला अ‍ॅरे, दुसरीत ‘बेस’, तिसरीत ‘पॅरेंट’, आणि मध्येच कोणीतरी हौसेने आणलेलं मूस हे मोठं ऑब्जेक्ट-मॉड्यूल. रोज यांच्यातच वावरल्यावर माझं मत पक्कं झालंय: साध्या इनहेरिटन्ससाठी, म्हणजे अशा वारशासाठी, ‘पॅरेंट’ हे मॉड्यूल सगळ्यात भरवशाचं आहे. ते का, आणि कुठे कमी पडतं, दोन्ही लिहिते.

आधी आत काय चालतं ते बघू, कारण ते कळल्याशिवाय या मॉड्यूलची किंमत कळत नाही. 1994 मध्ये पर्ल 5 आलं आणि त्याबरोबर ऑब्जेक्ट आले, पण इनहेरिटन्ससाठी भाषेत वेगळा कीवर्ड ठेवला नाही. प्रत्येक पॅकेजमध्ये (क्लासचा कोड ज्या नावाखाली राहतो त्या कप्प्यात) ‘@आयएसए’ नावाचा एक साधा अ‍ॅरे असू शकतो, त्यात पॅरेंट क्लासची नावं. मेथड, म्हणजे क्लासचं फंक्शन, कॉल झाली की पर्ल आधी त्या क्लासच्या पॅकेजमध्ये शोधतं. नाही सापडली तर अ‍ॅरेतल्या पहिल्या नावाकडे जातं, मग त्याच्या पॅरेंटकडे, असं तळापर्यंत जाऊन आल्यावरच दुसऱ्या नावाकडे वळतं. शेवटी ‘युनिव्हर्सल’ नावाचा सगळ्यांचा समाईक क्लास. तिथेही नसेल तर ऑटोलोडची, म्हणजे मेथड न सापडल्यावर चालणाऱ्या राखीव फंक्शनची, पाळी.

म्हणजे काम दोनच गोष्टींचं आहे. पॅरेंटची फाइल लोड झालेली हवी, आणि त्याचं नाव त्या अ‍ॅरेत वेळेवर पोचायला हवं. यातलं वेळेवर पोचवणं लोकांना सगळ्यात जास्त छळतं.

हाताने लिहायची जुनी पद्धत अशी:

रिक्वायर अहवाल;
अवर @आयएसए = ('अहवाल');

दिसायला यात काहीच वावगं नाही, आणि प्रत्येक क्लास स्वतंत्र फाइलमध्ये असेल तर बहुतेक वेळा चालतंही. पण या दोन्ही गोष्टी प्रोग्राम रन होताना घडतात, कंपाइल होताना (पर्ल कोड वाचून तयारी करत असताना) नाही. एक छोटी स्क्रिप्ट डोळ्यांसमोर आणा. वर मुख्य कोड, आणि खाली त्याच फाइलच्या शेवटी दोन लहान क्लास, ‘अहवाल’ आणि त्याच्यावरून काढलेला ‘अहवाल::मासिक’. पर्ल अख्खी फाइल आधी कंपाइल करतं, त्यामुळे खालच्या क्लासमधल्या मेथड वरच्या कोडला व्यवस्थित सापडतात. मग वरून रन सुरू होतं. मुख्य कोड ‘अहवाल::मासिक’चा ऑब्जेक्ट बनवायला जातो, ‘न्यू’ ही मेथड पॅरेंटमध्ये आहे, आणि ‘@आयएसए’ अजून रिकामा! ती ओळ खाली आहे, तिथपर्यंत रन पोचलेलंच नाही. एरर येते की ‘न्यू’ ही मेथड ‘अहवाल::मासिक’मध्ये सापडत नाही. माणूस खाली जाऊन बघतो तर ओळ डोळ्यांसमोर लिहिलेली. क्लासच्या स्वतःच्या मेथड चालतात आणि वारशाने आलेल्या तेवढ्या चालत नाहीत, असं दिसलं की पहिला संशय इथेच घ्यायचा.

‘पॅरेंट’ने हेच लिहायचं तर:

यूज पॅरेंट 'अहवाल';

‘यूज’ असल्यामुळे हे सगळं कंपाइल होतानाच उरकतं. फाइल लोड होते, नाव अ‍ॅरेच्या शेवटी जातं, आणि पुढच्या ओळी कंपाइल व्हायच्या आत नातं जुळलेलं असतं. मला याचा सगळ्यात मोठा फायदा ‘पर्ल -सी’ चालवताना होतो. ही आज्ञा फाइल फक्त कंपाइल करून बघते, रन करत नाही. हाताने लिहिलेल्या पद्धतीत ‘रिक्वायर’ राहून गेलं किंवा नाव चुकलं, तरी ‘पर्ल -सी’ सगळं ठीक असल्याचं सांगते. ‘पॅरेंट’ असेल तर तिथेच थांबते: ‘कॅन्ट लोकेट अहवाल.पीएम इन @आयएनसी’ (‘@आयएनसी’ म्हणजे पर्ल जिथे मॉड्यूल शोधतं त्या डिरेक्टरींची यादी), आणि खाली ती फाइल आणि ओळ. सर्व्हरवर जाण्याआधीच चूक हातात येते.

हे मॉड्यूल उघडून एकदा वाचाच असं मी टीममध्ये नव्या आलेल्या प्रत्येकाला सांगते. कामाचा कोड वीस-बावीस ओळींच्या आसपास आहे. कोणी बोलावलं ते ‘कॉलर’ने विचारतो, प्रत्येक नावातल्या जोड-विसर्गांच्या (‘::’) जागी तिरकी रेघ घालून शेवटी ‘.पीएम’ लावतो, ‘रिक्वायर’ करतो, आणि बोलावणाऱ्याच्या ‘@आयएसए’मध्ये ती नावं ‘पुश’ करतो. बाकी काही नाही. पाच मिनिटांत पूर्ण समजणारं मॉड्यूल हाताशी असलं की रात्री उशिरा काही बिघडलं तरी संशयितांच्या यादीतून ते लगेच वगळता येतं.

एकाच फाइलमध्ये दोन्ही क्लास असतील तर वर लिहिलेली ओळ ‘अहवाल.पीएम’ शोधायला जाईल आणि ती फाइल नाही म्हणून थांबेल. त्यासाठी एक पर्याय दिलाय:

यूज पॅरेंट -नोरिक्वायर, 'अहवाल';

म्हणजे लोड करू नकोस, फक्त नातं जोड. वरच्या स्क्रिप्टचं दुखणं याने मुळापासून जातं, क्लास फाइलच्या तळाशी असले तरी. हे ‘-नोरिक्वायर’ पहिलंच लिहावं लागतं. नंतर लिहिलं तर मॉड्यूल त्यालाही क्लासचं नाव समजतं आणि त्या नावाची फाइल शोधत बसतं. शिवाय ते त्या ओळीतल्या सगळ्या नावांना लागू होतं. एक पॅरेंट याच फाइलमध्ये आणि दुसरा बाहेर असेल तर सरळ दोन ओळी लिहाव्यात. नावं एकामागून एक जमा होत जातात, आधीची पुसली जात नाहीत.

मला हा पर्याय मुद्दाम आवडतो, कारण लिहिणाऱ्याने आपला हेतू उघड लिहिलेला असतो. वाचणाऱ्याला कळतं की पॅरेंट इथेच आसपास आहे, बाहेर शोधायला नको. ‘बेस’शी खरा फरक इथेच पडतो.

‘बेस’ हे ‘पॅरेंट’चं थोरलं भावंड. ‘पॅरेंट’ त्यातूनच वेगळं काढलं आणि 2009 मध्ये पर्ल 5.10.1 पासून भाषेबरोबरच मिळू लागलं. ‘बेस’चंही काम तेच, पण ते अंदाज बांधतं. पॅरेंटची फाइल लोड करून बघतं. फाइल सापडलीच नाही तर लगेच ओरडत नाही, विचार करतं की कदाचित हा क्लास याच फाइलमध्ये लिहिला असेल. मग त्या नावाच्या पॅकेजमध्ये काही आहे का ते बघतं. काहीही सापडलं तरी समाधान मानून पुढे जातं. पूर्ण रिकामं असेल तरच ‘बेस क्लास पॅकेज इज एम्प्टी’ म्हणून थांबतं.

हे ऐकायला समजूतदारपणाचं वाटतं. पण ‘अहवाल::मासिक’मध्ये ‘यूज बेस 'अहवाल'’ लिहिलंय आणि ‘अहवाल.पीएम’ ही फाइल सर्व्हरवर कॉपी करायची राहून गेलीय, असं समजा. ‘पॅकेज अहवाल::मासिक’ ही ओळ कंपाइल होताच ‘अहवाल’ या नावाखाली ‘मासिक’ची एक नोंद तयार होते. म्हणजे ‘अहवाल’ हे पॅकेज आता रिकामं नाही! फाइल सापडत नाही हे ‘बेस’ गिळून टाकतं, पॅकेजमध्ये डोकावतं, तिथे ‘मासिक’ची नोंद दिसते, आणि सगळं ठीक आहे असं धरून पुढे निघतं. कंपाइल पास, प्रोग्राम सुरू, आणि पॅरेंटमधली मेथड पहिल्यांदा लागेल तेव्हा तो कोसळणार. ती मेथड महिन्याच्या शेवटी चालणाऱ्या कामातली असेल तर तोपर्यंत कोणाला पत्ताही लागत नाही. मुलाचं नाव पॅरेंटच्या नावाखालीच ठेवण्याची आपल्या सगळ्यांची सवय बघता ही परिस्थिती अजिबात दुर्मीळ नाही.

यावर ‘बेस’ आणखी एक गोष्ट करतं, जी मला मुळीच पटत नाही. पॅरेंट क्लासला व्हर्जन नसेल तर ते परस्पर तिथे ‘-1, सेट बाय बेस.पीएम’ असं लिहून ठेवतं. दुसऱ्याच्या पॅकेजमध्ये जाऊन न विचारता केलेला बदल आहे हा. लॉगमध्ये व्हर्जन छापणाऱ्या कोडमधून हे वाक्य बाहेर येतं आणि बघणारा चक्रावतो.

फाइल नसली तरी चालेल या वृत्तीची किंमत सुरक्षेच्या बाजूनेही मोजावी लागली. पूर्वी पर्ल मॉड्यूल शोधताना सगळ्यात शेवटी चालू डिरेक्टरीही बघायचं. जी फाइल असेल-नसेल ती शोधताना तिथे कोणी त्याच नावाची फाइल ठेवली तर ती चालायची. 2016 मध्ये हा प्रश्न ऐरणीवर आला तेव्हा ‘बेस’मध्ये त्यासाठी खास बंदोबस्त करावा लागला. 2017 च्या पर्ल 5.26 पासून चालू डिरेक्टरी ‘@आयएनसी’च्या यादीतून मुळातच काढली. ‘पॅरेंट’मध्ये फाइल एक तर हवी असते किंवा ‘-नोरिक्वायर’ने स्पष्ट नको असते. अधलंमधलं काही नाही, म्हणून तिथे असला बंदोबस्तच लागत नाही.

‘बेस’च्या स्वतःच्या माहितीपत्रकातही लिहिलंय की ‘फील्ड्स’ (ऑब्जेक्टमध्ये कोणती फील्ड्स असतील ते आधी ठरवणारं मॉड्यूल) वापरत नसाल तर ‘पॅरेंट’कडे वळा. यापुढे मी वेगळं काय सांगणार.

आता ‘पॅरेंट’च्या उणिवा. पहिली आणि मोठी: फाइल लोड झाली की त्याचं समाधान होतं. त्या फाइलमध्ये खरोखर त्याच नावाचं पॅकेज आहे का, हे ते बघत नाही. रोमन लिपीतल्या मोठ्या-छोट्या अक्षरांचा फरक न मानणाऱ्या फाइल सिस्टिमवर, म्हणजे विंडोज आणि मॅकवर सहसा असते तशा, नावातलं पहिलं अक्षर छोटं लिहिलं तरी फाइल सापडते आणि लोड होते. पण पॅकेजच्या नावात पर्ल हा फरक मानतं. ‘@आयएसए’त अस्तित्वात नसलेल्या क्लासचं नाव जाऊन बसतं. ‘वॉर्निंग्ज’ चालू असतील तर मेथड शोधताना ‘कॅन्ट लोकेट पॅकेज’ अशी सूचना मिळते, पण ती नुसती सूचना, प्रोग्राम पुढे जातो. इथे ‘बेस’ने पॅकेज रिकामं आहे हे ओळखून थांबवलं असतं, हे मान्य करायलाच हवं. माझ्याकडे त्यावरचा इलाज साधा आहे: प्रत्येक क्लाससाठी एक टेस्ट, ज्यात ‘कॅन’ने पॅरेंटमधली एखादी मेथड मिळते का ते विचारायचं.

दुसरी उणीव व्हर्जनची. पॅरेंट अमुक व्हर्जनचा किंवा त्यापुढचा हवा, हे या ओळीत सांगायची सोयच नाही. त्यासाठी आधी एक वेगळी ओळ लिहावी लागते, ‘यूज अहवाल 1.20 ();’, आणि खाली ‘पॅरेंट’ची. शेवटचा रिकामा कंस आठवणीने लिहा, नाहीतर त्या मॉड्यूलची फंक्शन्स विनाकारण आपल्या क्लासमध्ये येतात आणि मेथड बनून बसतात. ‘पॅरेंट’ स्वतः ‘इम्पोर्ट’ (फंक्शन्स आणणारी मेथड) बोलावत नाही, हे अगदी योग्य आहे.

तिसरी गोष्ट मॉड्यूलचा दोष नाही, पण जुन्या कोडमध्ये हमखास भेटते. वर कोणीतरी नवी ‘यूज पॅरेंट’ची ओळ घातलीय, आणि दहा ओळी खाली जुनी ओळ तशीच आहे:

अवर @आयएसए = ('एक्स्पोर्टर');

कंपाइल होताना ‘पॅरेंट’ने नातं जोडलं. रन होताना या ओळीने अख्खा अ‍ॅरे पुसून त्यात एकटा एक्स्पोर्टर (मॉड्यूलची फंक्शन्स बाहेरच्या कोडला देणारं मॉड्यूल) ठेवला. पॅरेंट गायब! आणि ‘पर्ल -सी’ला यातलं काही दिसत नाही. म्हणून ‘पॅरेंट’ घालण्याआधी त्या फाइलमध्ये ‘आयएसए’ शोधायचं आणि सापडेल ते काढायचं. एक्स्पोर्टरसाठी त्याच्यावरून क्लास काढायची गरजही नाही. त्याच्या 5.57 व्हर्जनपासून, म्हणजे पर्ल 5.8.3 बरोबर आलेल्या, ‘यूज एक्स्पोर्टर 'इम्पोर्ट'’ एवढं लिहिलं की काम भागतं.

एकाहून जास्त पॅरेंट असतील तर ‘पॅरेंट’ नावं दिलेल्या क्रमाने ठेवतं आणि बाजूला होतं. पुढचं तुम्ही सांभाळायचं. समजा सगळ्यात वर ‘नोंद’ आहे. तिच्यावरून ‘छापील’ आणि ‘ईमेल’ असे दोन क्लास काढलेत, आणि ‘मासिक’ने त्या दोघांनाही त्याच क्रमाने पॅरेंट केलंय. ‘पाठव’ ही मेथड ‘नोंद’मध्ये साधी आहे आणि ‘ईमेल’ने ती आपल्या पद्धतीने पुन्हा लिहिलीय. ‘मासिक’वर ‘पाठव’ म्हटलं तर कोणती चालेल? पर्लचा नेहमीचा क्रम मासिक, छापील, नोंद, ईमेल. म्हणजे ‘नोंद’मधली साधी मेथड चालते आणि ईमेलवाल्याने मेहनतीने लिहिलेली कधी गाठलीच जात नाही. ना एरर, ना वॉर्निंग. यावर 2007 च्या पर्ल 5.10 पासून उपाय आहे, ‘मासिक’मध्ये ‘यूज एमआरओ 'सी3'’ ही ओळ. मग क्रम मासिक, छापील, ईमेल, नोंद असा होतो, मूल नेहमी आपल्या पॅरेंटच्या आधी येतं. पायथनने 2003 मध्ये 2.3 पासून हाच सी3 क्रम घेतला.

पण ओळ घातली आणि झालं, असं समजू नका. मेथडच्या आत ‘सुपर’ (पॅरेंटमधली मेथड बोलावायचा शब्द) लिहिलेलं असेल तर ते ऑब्जेक्टचा क्लास बघत नाही, ती मेथड ज्या पॅकेजमध्ये लिहिलीय त्याचे पॅरेंट बघतं. ‘छापील’मधलं ‘सुपर’ सरळ ‘नोंद’कडेच जाणार, ‘ईमेल’ला वगळून. सी3 प्रमाणे साखळी चालायला हवी असेल तर त्या जागी ‘नेक्स्ट::मेथड’ लिहावं लागतं, आणि तेही साखळीतल्या सगळ्या क्लासमध्ये. ‘पॅरेंट’च्या माहितीत याचा उल्लेख ठळकपणे असता तर बरं झालं असतं. दोन नावं एका ओळीत लिहायची सोय इतकी सहज दिलीय की माणूस पुढचा विचार न करता लिहून मोकळा होतो.

बाकीच्या पर्यायांबद्दल थोडक्यात. मूस आणि त्याच्याच धर्तीचं मू यांच्यात पॅरेंट जोडायला ‘एक्स्टेंड्स’ असतं. अ‍ॅट्रिब्यूट, रोल (वेगवेगळ्या क्लासमध्ये मिसळता येणारा मेथडचा संच), टाइप तपासणी हे सगळं हवं असेल तर ते जरूर घ्या, मू हलकं आहे आणि मला आवडतं. पण ‘एक्स्टेंड्स’ हे साधं फंक्शन आहे, रन होताना चालतं, म्हणजे फाइलच्या तळाशी क्लास ठेवण्याचं ते जुनं दुखणं तिथे परत येतं. आणि मूसमध्ये ते दुसऱ्यांदा लिहिलं की आधीची नावं जाऊन नवी बसतात. नुसतं नातं जोडायला एवढा पसारा आणू नये असं माझं मत.

2023 च्या पर्ल 5.38 मध्ये भाषेतच ‘क्लास’ हा कीवर्ड आला आणि तिथे इनहेरिटन्स ‘:आयएसए’ या अ‍ॅट्रिब्यूटने जोडतात. लिहायला सुटसुटीत आहे, पॅरेंट लोड झालेला नसेल तर स्वतः लोड करतं, आणि व्हर्जनही तिथेच मागता येतं, म्हणजे ‘पॅरेंट’ची उणीव भरून निघते. पण ते अजून प्रायोगिक आहे, पॅरेंट एकच चालतो, आणि तोही याच नव्या पद्धतीने लिहिलेला क्लास असावा लागतो. जुन्या हॅशवाल्या (डेटा नाव-किंमत जोड्यांत ठेवणाऱ्या) क्लासवरून नवा क्लास काढता येत नाही. माझ्यासारख्याच्या कोडबेसमध्ये सगळे पॅरेंट जुनेच, त्यामुळे सध्या ते नव्याने सुरू होणाऱ्या कामापुरतंच.

‘बेस’वरून ‘पॅरेंट’वर यायचं ठरवलंत तर सगळ्या फाइल्समध्ये एकदम शोधून-बदलून टाकू नका. आधी ‘फील्ड्स’ कुठे वापरलंय ते शोधा आणि त्या फाइल्स तशाच राहू द्या. तिथे ‘बेस’ त्या फील्ड्सचा वारसाही पुढे नेतं, ‘पॅरेंट’ ते करत नाही. उरलेल्या फाइल्स एकेक करून बदला आणि लगेच ‘पर्ल -सी’ चालवा. जिथे ‘कॅन्ट लोकेट’ येईल तिथे थांबून बघा. क्लास खरंच त्याच फाइलमध्ये किंवा दुसऱ्या नावाच्या फाइलमध्ये असेल तरच ‘-नोरिक्वायर’ लावा, आणि दुसऱ्या फाइलमध्ये असेल तर ती आधी बिगिन ब्लॉकमध्ये (कंपाइल होतानाच चालणाऱ्या कोडमध्ये) ‘रिक्वायर’ करा. एरर घालवायला म्हणून सगळीकडे ‘-नोरिक्वायर’ चिकटवलेले कोडबेस मी बघितलेत. तिथे फाइल लोड होणं पूर्णपणे नशिबावर जातं: दुसऱ्या कोणी ती आधी लोड केली असेल तर चालतं, आणि त्या माणसाने आपली ‘यूज’ची ओळ काढली की भलतीकडेच मोडतं.